पायांच्या फुगलेल्या शिरा : लेसर की रेडिओफ्रिक्वेन्सी?

पायांवरील शिरा फुगून गाठाळ व वेड्यावाकड्या होणे हा विकार समाजात फार मोठ्या प्रमाणावर आढळतो. त्याविषयी बोलले जाते ते मात्र थोडे. वैद्यकीय परिभाषेत त्यास ‘अपस्फीत नीला’ म्हणतात. रुग्ण ‘व्हेरिकोज’ हाच शब्द वापरतात, आणि गावात ‘शिरा फुगल्या’ एवढ्यावर भागते. या विकारावर पूर्वी मुख्य मार्ग एकच होता, तो शस्त्रक्रियेचा. गेल्या पंचवीस वर्षांत शीर आतून उष्णता देऊन बंद करण्याचे दोन उपाय रूढ झाले : एक लेसर आणि दुसरा रेडिओफ्रिक्वेन्सी. ‘यांपैकी चांगला कोणता?’ असे रुग्णांचे नातेवाईक विचारतात. ‘रुग्णालयाने यंत्र घ्यावयाचे तर कोणते घ्यावे?’ असे देणगीदार विचारतात. दोघांचा प्रश्न वरवर एकच दिसतो, पण त्याची उत्तरे थोडी निरनिराळी आहेत. ती सविस्तर मांडावीत, या हेतूने प्रस्तुत लेख.

पाचाड परिसर आणि पायांचे काम

पाचाड हे रायगडाच्या पायथ्याचे गाव, महाडपासून सुमारे २५ किलोमीटरवर. गडावरील थंड वारा मानवेना म्हणून राजमाता जिजाऊसाहेबांसाठी येथे वाडा बांधण्यात आला, असे सांगतात. त्यांची समाधीही येथेच आहे. या परिसरातील माणसाचे पोट आजही बऱ्याच अंशी त्याच्या पायांवर चालते. हिरकणीवाडीचा रज्जुमार्ग झाल्यावरही चौदाशेहून अधिक पायऱ्यांच्या वाटेने डोली वर नेणारे आहेत. वाटेवर ताक-सरबत विकणाऱ्या बाया आहेत. पावसाळ्यात गुडघाभर चिखलात वाकून लावणी करणारी कुटुंबे आहेत. महाडच्या औद्योगिक वसाहतीत आठ-आठ तास यंत्रापुढे उभे राहणारे कामगार आहेत, आणि मुंबईत दुकानांतून व उपाहारगृहांतून उभ्याने नोकरी करणारे चाकरमानीही आहेत.

यांपैकी शिरा फुगण्याचा धोका अधिक कोणाला? गड चढणाऱ्याला, असे बहुतेकांना वाटते. वस्तुस्थिती बरीचशी उलट आहे. चालताना व चढताना पोटरीचे स्नायू आवळतात, सैल होतात, आणि दर पावलागणिक पायातील रक्त वर ढकलतात. म्हणूनच पोटरीला ‘दुसरे हृदय’ म्हटले जाते. निरोगी माणूस स्थिर उभा असताना घोट्याजवळच्या शिरेतील दाब पाऱ्याच्या सुमारे ८० ते ९० मिलिमीटरपर्यंत असतो. तोच माणूस चालू लागला की हा दाब ३० किंवा त्याहूनही खाली येतो. एका जागी तासन्‌तास उभे राहणाऱ्यास हा विसावा मिळत नाही. डोली वाहणाऱ्याची गोष्ट थोडी वेगळी, कारण जड ओझ्याने पोटातील दाब वाढतो. तरी नुसत्या चढण्याला दोष देण्याचे कारण नाही. याशिवाय आनुवंशिकता, वाढते वय, वारंवारची गर्भारपणे आणि स्थूलता ही कारणे आहेतच.

रक्त वर चढत असताना ते पुन्हा खाली घसरू नये, यासाठी शिरांमध्ये ठिकठिकाणी नाजूक झडपा असतात. मांडीच्या आतल्या अंगाने घोट्यापासून जांघेपर्यंत जाणारी जी लांब वरवरची शीर आहे, तिची जांघेतील झडप निकामी झाली की रक्त उलटे खाली वाहू लागते. वरच्या रक्ताचा भार खालच्या झडपेवर पडतो, तीही हार मानते, आणि हा क्रम घोट्यापर्यंत येतो. डोळ्यांना दिसणाऱ्या गाठाळ शिरा हे या बिघाडाचे टोक होय. मूळ बिघाड बहुधा वर, न दिसणाऱ्या जागी असतो. ही एक गोष्ट ध्यानात ठेवली, तर पुढील सारे उपचार समजण्यास सोपे जातात.

आरंभी संध्याकाळी पाय जड होतात, रात्री पोटरीत गोळे येतात, घोट्याशी सूज दिसते. मग खाज सुटते, घोट्याच्या आतल्या बाजूची त्वचा काळवंडून कडक होते, आणि एखाद्या क्षुल्लक खरचटण्याचे निमित्त होऊन तेथे व्रण पडतो. तो महिनोन्‌महिने भरत नाही. भरला तरी पुन्हा उघडतो. भातशेती करणाऱ्या माणसास पाय कोरडा ठेवा, उंच ठेवा, पट्टी भिजू देऊ नका, असे जूनअखेर सांगणे म्हणजे त्याला वर्षाची भाकरी सोडा असे सांगण्यासारखेच आहे. या विकारास ‘दिसण्याचा प्रश्न’ समजणाऱ्यांनी असा एखादा पाय एकदा पाहावा.

जुनी शस्त्रक्रिया

हा विकार जुनाच आहे. प्लूटार्क या ग्रीक चरित्रकाराने रोमन सेनापती मारियसची हकीकत दिली आहे. त्याने बांधून न घेता एका पायाच्या शिरा कापून घेतल्या, हूं की चूं केले नाही; मात्र दुसरा पाय पुढे करण्यास नकार दिला. एवढ्या यातना सोसाव्यात इतका लाभ त्यास दिसला नाही. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जर्मन शल्यचिकित्सक ट्रेंडेलेनबर्ग यांनी शीर मांडीत बांधून टाकण्याची पद्धत मांडली, आणि १९०७ साली अमेरिकेतील बॅबकॉक यांनी शिरेत लवचीक तार घालून ती समूळ ओढून काढण्याची रीत प्रसिद्ध केली. थोड्याफार फरकाने विसावे शतक याच रीतीवर निघाले.

ही शस्त्रक्रिया वाईट नव्हे. जांघेत छेद, कण्यातून भूल, रुग्णालयात मुक्काम, मांडीभर काळेनिळे डाग आणि काही दिवस घरी विश्रांती, हे सारे सोसले की बहुतेकांना चांगला गुण येतो. जेथे दुसरी सोय नाही तेथे आजही ती करावी. प्रश्न येतो तो मजुरीचा. हातावर पोट असलेला मनुष्य दुखणे सोसतो. बुडालेले दिवस त्यास सोसवत नाहीत.

दोन्ही उपायांत समान काय

लेसर व रेडिओफ्रिक्वेन्सी यांची तुलना करताना त्यांतील साम्य आधी सांगितले पाहिजे, कारण ते फरकाहून पुष्कळ मोठे आहे. दोन्हींत शीर काढीत नाहीत, ती जागच्या जागी बंद करतात. दोन्हींत प्रथम कलर डॉपलर सोनोग्राफीने, रुग्णास उभे करून, कोणत्या शिरेत रक्त उलटे वाहते याचा नकाशा काढला जातो. त्याच सोनोग्राफीच्या साहाय्याने गुडघ्याच्या आसपास सुई टोचून शिरेत बारीक तंतू किंवा नळी सरकवितात आणि तिचे टोक जांघेतील संगमापासून सुमारे दोन सेंटिमीटर अलीकडे ठेवतात. मग शिरेभोवती भुलेचे औषध मिसळलेले सलाईन भरपूर सोडले जाते. हे पाणी तीन कामे करते : वेदना थांबविते, शीर आवळून तंतूभोवती घट्ट बसविते, आणि शेजारच्या त्वचेला व मज्जातंतूंना उष्णतेपासून वाचविते. त्यानंतर उष्णता देत नळी मागे घेतली जाते. शिरेची भिंत भाजून आकसते आणि पुढील काही महिन्यांत तिचा नुसता दोरा उरतो. पायाला दाबपट्टी किंवा दाबमोजा चढवून रुग्णास तेव्हाच चालावयास सांगतात. बहुतेक रुग्ण त्याच दिवशी घरी जातात.

‘शीर बंद केली, तर मग रक्त जाणार कोठून?’ ही शंका जवळजवळ प्रत्येक घरातून येते. पायातील सुमारे नव्वद टक्के रक्त स्नायूंच्या आतील खोल शिरांतून वर जाते. बिघडलेली वरवरची शीर वाहतुकीस मदत करीत नव्हती, उलट रक्त खाली सोडीत होती. तिला बंद केल्याने खोल शिरांवरील भार हलका होतो. अर्थात या खोल शिरा मोकळ्या आहेत याची खात्री आधी करून घ्यावीच लागते. तेथे गुठळी असेल, रुग्ण स्त्री गर्भवती असेल, किंवा पायाला रक्त पोहोचविणाऱ्या रोहिणीच अरुंद झाल्या असतील, तर हा उपचार त्या वेळी करीत नाहीत.

फरक कोठे

रेडिओफ्रिक्वेन्सीचे पहिले यंत्र युरोपात १९९८ मध्ये व अमेरिकेत १९९९ मध्ये मान्य झाले. त्याचे काम संथ असे. २००७ मध्ये आलेल्या सुधारित नळीच्या टोकाशी सात सेंटिमीटर लांबीचे वेटोळे असते. ते १२० अंश सेल्सिअसपर्यंत तापते, वीस सेकंद तेथेच राहते, मग नळी साडेसहा सेंटिमीटर मागे घेऊन पुन्हा तेच. नावात रेडिओलहरी असल्या तरी या नळीत त्या वेटोळे तापविण्याचेच काम करतात. शिरेला पोहोचते ती साधी उष्णता. शरीरात ‘किरण’ सोडले जातात अशी भीती बाळगण्याचे कारण नाही. तापमान किती राखावयाचे, हे यंत्र स्वतःच सांभाळते. त्यामुळे हाताच्या कमीअधिक वेगाने होणारा फरक कमी राहतो.

लेसरमध्ये काचेच्या केसासारख्या तंतूतून प्रकाश शिरेत नेला जातो. स्पेनमधील डॉ. बोने यांनी १९९९ च्या सुमारास हा प्रयोग प्रसिद्ध केला आणि अमेरिकेत २००२ मध्ये त्यास मान्यता मिळाली. पहिल्या लेसरांची तरंगलांबी ८१० ते ९८० नॅनोमीटर होती. हा प्रकाश मुख्यत्वे रक्तातील लाल द्रव्य शोषून घेते. तंतूच्या उघड्या टोकाशी तापमान शेकडो अंशांवर जाई, क्वचित शिरेच्या भिंतीला भोक पडे, आणि त्यामुळे दुखणे व डाग अधिक होत. पुढे १४७० नॅनोमीटरचे लेसर आले. त्यांचा प्रकाश पाणी शोषून घेते, म्हणजे शिरेची भिंतच तो थेट टिपते. तंतूचे टोकही बदलले. प्रकाश समोर न फेकता सभोवार वर्तुळात फेकणारे तंतू निघाले. थोड्या शक्तीत काम होऊ लागले. तरीही लेसरमध्ये तंतू किती वेगाने मागे घ्यावा हे करणाऱ्याच्या हातावर अवलंबून असते. वेग अधिक झाला तर शीर पुरती बंद होत नाही, कमी झाला तर भाजते. दुसऱ्या बाजूने पाहता, लेसरचा तंतू बारीक असल्यामुळे आखूड किंवा वळणाच्या शिरांत, व्रणाच्या आसपासच्या लहान जोडशिरांत तो अधिक सोयीचा पडतो. सात सेंटिमीटरचे सरळ वेटोळे तेथे बसेलच असे नाही.

आता परिणाम पाहू. डेन्मार्कमधील डॉ. रासमुसेन व सहकाऱ्यांनी ५०० रुग्णांची लेसर, रेडिओफ्रिक्वेन्सी, फेसाचे इंजेक्शन व जुनी शस्त्रक्रिया अशा चार गटांत चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे विभागणी करून २०११ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. वर्षअखेर मुख्य शीर पुन्हा उघडी सापडण्याचे प्रमाण लेसरमध्ये ५.८ टक्के, रेडिओफ्रिक्वेन्सीत ४.८ टक्के, शस्त्रक्रियेतही ४.८ टक्के आणि फेसाच्या इंजेक्शनात १६.३ टक्के होते. पहिल्या दहा दिवसांतील वेदना दहापैकी मोजली, तेव्हा ती लेसरमध्ये सरासरी २.५८, शस्त्रक्रियेत २.२५, फेसाच्या गटात १.६० आणि रेडिओफ्रिक्वेन्सीत १.२१ भरली. म्हणजे शीर बंद करण्यात लेसर व रेडिओफ्रिक्वेन्सी जवळजवळ बरोबरीचे, आणि पहिल्या आठवड्यातील दुखण्यात रेडिओफ्रिक्वेन्सी सरस. तथापि त्या अभ्यासातील लेसरचे तंतू उघड्या टोकाचे होते, हे विसरता कामा नये. १४७० नॅनोमीटर व वर्तुळाकार प्रकाश देणारे तंतू यांच्याशी नंतर झालेल्या तुलनांत दुखण्यातील हे अंतर बरेच कमी झालेले दिसते. ब्रिटनमधील ‘नाइस’ या संस्थेने २०१३ च्या मार्गदर्शक सूत्रांत दोन्ही उपाय एकाच पंक्तीस, पहिल्या पसंतीचे म्हणून बसविले. त्यानंतर फेसाचे इंजेक्शन, आणि तेही शक्य नसेल तेव्हा शस्त्रक्रिया. दोघांत डावे-उजवे केले नाही.

धोकेही दोन्हींचे सारखेच. खोल शिरेत गुठळी होणे ही गंभीर गोष्ट क्वचित, शंभरांत एखाद्यास किंवा त्याहूनही कमी जणांस होते. गुडघ्याखाली उष्णता दिल्यास मज्जातंतू दुखावून त्वचा बधिर होऊ शकते. त्वचा भाजणे, डाग राहणे हे सलाईन नीट न भरल्याचे परिणाम होत. नव्या शिरा पुढे फुगणारच नाहीत अशी हमी कोणताही उपाय देत नाही, आणि तशी हमी देणाऱ्या जाहिरातींपासून दूर राहावे.

मग नातेवाइकांच्या प्रश्नाचे उत्तर असे : आपल्या रुग्णाच्या शिरेस जो उपाय बसतो आणि करणाऱ्याच्या हातास जो चांगला सरावाचा आहे, तो घ्यावा. ‘लेसर’ या शब्दाभोवती एक वलय आहे, एवढ्यासाठी त्याचा आग्रह धरू नये. उपचार कोणता हे विचारण्यापूर्वी, उभे करून डॉपलर केली काय, हे विचारावे.

व्रण असलेल्यांसाठी

दोन यंत्रांतील फरक लहान असला, तरी उपचार वेळेवर होणे व न होणे यांतील फरक फार मोठा आहे. २००४ मध्ये ब्रिटनमधील ५०० रुग्णांच्या एका अभ्यासात असे दिसले की, नुसत्या दाबपट्टीवर ठेवलेल्यांपैकी २८ टक्क्यांचा भरलेला व्रण वर्षभरात पुन्हा उघडला. दाबपट्टीच्या जोडीला शिरेची शस्त्रक्रिया झालेल्यांत हे प्रमाण १२ टक्के होते. पुढे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ४५० रुग्णांच्या अभ्यासात एका गटाची शीर दोन आठवड्यांच्या आत बंद करण्यात आली, दुसऱ्या गटात ती व्रण भरल्यावर किंवा सहा महिन्यांनंतर करावयाची होती. दाबपट्टी दोघांनाही होती. पहिल्या गटात व्रण भरण्यास मध्यमानाने ५६ दिवस लागले, दुसऱ्यात ८२. ‘आधी जखम भरू द्या, मग शिरेचे पाहू’ हा सल्ला पिढ्यान्‌पिढ्या दिला गेला. तो आता सोडावयास हवा.

सव्वीस दिवसांचा हा फरक परदेशी कागदावर लहान वाटेल. येथे तेवढ्या दिवसांत एका घराची लावणी आटोपते.

यंत्र, खर्च आणि निधी

देणगीदारांनी यंत्राच्या किमतीपेक्षा दर पायामागे होणाऱ्या खर्चाचा विचार करावा, अशी आमची नम्र सूचना आहे. यंत्र एकदाच घ्यावे लागते. रेडिओफ्रिक्वेन्सीची नळी किंवा लेसरचा तंतू मात्र प्रत्येक रुग्णासाठी नवा लागतो. सर्वसाधारणपणे नळी महाग आणि तंतू त्यामानाने स्वस्त पडतो. एकदाच वापरावयाची म्हणून बनविलेली वस्तू धुऊन पुन्हा वापरण्याचा मोह खर्च वाचविताना होतो. धर्मादाय संस्थेने तो कटाक्षाने टाळावा, कारण गरीब रुग्णाच्या रक्तालाही संसर्गाचा धोका तोच असतो. यंत्राच्या कोनशिलेवर नाव कोरता येते, नळीवर येत नाही, ही अडचण आम्ही जाणतो. तरी दहा रुग्णांच्या नळ्यांचा खर्च उचलणारी देणगी ही यंत्राच्या देणगीहून उणी नाही. आणि यंत्राआधी चांगले कलर डॉपलर व ते चालविणारा प्रशिक्षित मनुष्य हवा. तो नसेल तर दोन्ही यंत्रे आंधळी आहेत.

महाडकरांना हे वेगळे सांगावयास नको. विंचूदंशाने होणारे मृत्यू रोखण्यासाठी रक्तदाबावरील प्राझोसिन या साध्या गोळीचा उपयोग डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी याच भागात दाखवून दिला, आणि त्यासाठी कोणतेही मोठे यंत्र आणावे लागले नाही.

निधीच्या वाटाही आहेत. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेल्या योजनेनुसार राज्यातील मोठ्या धर्मादाय रुग्णालयांनी दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य व दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीने ठेवावयाच्या असतात, आणि एकूण देयकांच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करावयाची असते. आज महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना या नावाने चालणारी योजना २ जुलै २०१२ रोजी ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम सुरू झाली, त्यांत रायगड जिल्हा होता. आपल्या रुग्णाचा उपचार तीत बसतो किंवा कसे, हे आरोग्यमित्रास आधीच विचारून घ्यावे. शिधापत्रिका व ओळखपत्र सोबत आणावे.

उपचारानंतर

घरी गेल्यावर निजून राहू नये. रोज थोडेथोडे चालावे. दाबमोजा सांगितलेल्या दिवसांपर्यंत वापरावा. मांडीत दोरी ओढल्यासारखे वाटणे सातव्या-आठव्या दिवशी साहजिक आहे व ते आपोआप जाते. पोटरी एकाएकी सुजून दुखू लागली, किंवा दम लागून छातीत कळ आली, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालयात यावे. ज्यांचा उपचार अद्याप व्हावयाचा आहे अशांच्या घरी एक गोष्ट सर्वांना ठाऊक असावी : फुगलेली शीर फुटून रक्त वाहू लागल्यास रुग्णास उभे ठेवू नये. त्यास आडवे निजवून पाय उंच धरावा आणि स्वच्छ फडक्याने ती जागा दाबून ठेवावी. रक्त थांबले तरी डॉक्टरांस दाखवावे.

शेतीवर जाणाऱ्यांनी शक्य तर दिवाळीनंतर, कापणी-मळणी उरकून नाव नोंदवावे, म्हणजे पुढील लावणीपर्यंत पाय कामास पूर्ण तयार होतो. ज्यांच्या घोट्याशी व्रण आहे, त्यांनी मात्र हंगामाचा विचार न करता यावे.